सांगलीत दातांचा डॉक्टर शोधताय? आमच्या घरचा दोन वर्षांचा अनुभव

डॉक्टरांचं नाव टाकत नाही, त्यांना न विचारता इथं लिहिणं मला बरं वाटत नाही. दवाखाना विश्रामबागेत आहे एवढं सांगतो, पण तिथं काय काय बघितलं ते सगळं लिहितो, म्हणजे तुम्ही दुसरीकडं कुठं गेलात तरी कशावर लक्ष ठेवायचं ते कळेल.

सुरुवात पुण्यातनं झाली. तिथं नोकरीला होतो तेव्हा वरची उजवी दाढ ठणकायला लागली, रात्र रात्र झोप नाही. एवढं मोठं शहर, प्रत्येक चौकात दोन डेंटल क्लिनिक, मग मी ऑफिसच्या खालचंच गाठलं कारण जवळ होतं आणि आतून एकदम चकाचक होतं. पहिल्याच दिवशी रूट कॅनल सुरू, आठ दिवसात कॅप पण बसली. एक्सरे काढला पण मला दाखवला नाही आणि मी पण मागितला नाही, ही चूक करू नका. वर्ष झालं नाही तोवर चावलं की कळ यायला लागली, परत गेलो तर म्हणाले कॅप सेट व्हायला वेळ लागतो, गोळ्या घ्या. गोळ्या संपल्या की दुखणं परत हजर.

दिवाळीला सांगलीला आलो, भडंग खाताना शेंगदाणा त्या दाढेखाली आला आणि डोळ्यातनं पाणीच आलं. बहीण म्हणाली दादा आता पुण्याला जाऊन बघतो म्हणू नको, आमच्या डॉक्टरांकडं चल.

तिथं गेल्यावर डॉक्टरांनी आधी दहा मिनिटं नुसतं विचारलं. कधीपासून दुखतंय, गरमानं का गारानं, शुगर आहे का, कुठलं औषध चालू आहे का, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी. मग एक सरळ आणि एक तिरका असे दोन एक्सरे काढले आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवून पेनच्या टोकानं दाखवलं, या बघा तीन पांढऱ्या रेघा, हे तीन कॅनल म्हणजे मुळातल्या बारीक नळ्या भरलेत, पण या मुळाच्या टोकाला काळा डाग दिसतोय ना तिथं इन्फेक्शन आहे. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला बऱ्याचदा चौथा कॅनल असतो, एकदम बारीक, आणि तो नजरेतनं सुटतो. पहिल्या डॉक्टरांना एका शब्दानं पण नावं ठेवली नाहीत हे मला लय आवडलं. वर हे पण सांगितलं की परत करून दाढ टिकेल याची शंभर टक्के खात्री देत नाही, नाही टिकली तर काढावी लागेल, विचार करून या.

मी दुसऱ्या दिवशीच गेलो. हत्यारांचं पाकीट माझ्यासमोर फाडलं, ऑटोक्लेव्हमधनं, म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या यंत्रातनं, निघालेलं सीलबंद असतं ते, आणि त्याच्यावरची पट्टी रंग बदललेली आहे का ते बघायचं असतं हे मला तिथल्या ताईंनी सांगितलं. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावला म्हणजे थुंकी आत जात नाही आणि बारीक सुई घशात पडायची भीती नाही. जुनी कॅप कापून काढली, आधीचं भरलेलं काढलं, डोळ्याला भिंग लावून जवळजवळ पाऊण तास शोधत होते आणि शेवटी म्हणाले, सापडला. तीन बैठका झाल्या, मग नवीन कॅप. आता त्याच बाजूनं ऊस पण खातो.

डिग्रीचं मला तोवर माहीत नव्हतं. रूट कॅनल बीडीएस (दातांच्या डॉक्टरची पहिली पदवी) डॉक्टर पण करतात आणि चांगलं करतात, पण एमडीएस (त्याच्या पुढची, एकाच विषयातली पदवी) पाटी बघून लगेच खूश होऊ नका, एमडीएस कशात ते विचारा. कोणी रूट कॅनलचे असतात, कोणी तारा लावणारे, कोणी कवळी आणि कॅपवाले, कोणी लहान मुलांचे. हे डॉक्टर रूट कॅनलचे, म्हणून माझ्या भाचीला तारा लावायच्या होत्या तेव्हा त्यांनी स्वतः न करता दुसऱ्याकडं पाठवलं. महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर लेटरपॅडवर असतो, तो पण बघून घ्या.

सगळ्यात विश्वास बसला तो बाबांच्या वेळी. त्यांची खालची दाढ हलत होती, काढायची ठरली, खुर्चीवर बसवून आधी बीपी बघितलं तर १८० च्या वर. डॉक्टरांनी सरळ थांबवलं, म्हणाले काका आज नको, आधी तुमच्या फिजिशियनकडं जाऊन या. आणि रक्त पातळ करायची गोळी दात काढायचाय म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा. त्या दिवशी एक रुपया घेतला नाही. आईची मिश्री पण त्यांनीच सोडवली, तोंडातला पांढरा चट्टा आरशात दाखवून शांतपणे समजावलं, ओरडले नाहीत, नाहीतर आमचं वीस वर्षं ऐकलं नव्हतं तिनं.

कमी काय आहे ते पण सांगतो. पहिला मजला आणि लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्यांचे हाल होतात. अपॉइंटमेंट घेऊन पण अर्धा पाऊण तास बसावं लागतं, शनिवारी तर जाऊच नका. खर्च अगदी कमी नाही, पण कॅपचे मेटल, सिरॅमिक, झिर्कोनिया असे तिन्हीचे दर आधी कागदावर लिहून देतात आणि मागच्या दाढेला महागाचीच घ्या असा आग्रह नसतो. झिर्कोनिया घेतली तर लॅबचं वॉरंटी कार्ड मिळतं, ते मागून घ्या आणि जपून ठेवा.

पैशाची अडचण असेल तर सांगली-मिरज रोडला वानलेसवाडीत भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, तिथं विद्यार्थी करतात पण शेजारी सर उभे असतात. आमच्या शेजारच्या काकूंनी तिथनं कवळी केली, हेलपाटे जास्त झाले पण बसलीय छान.

बाबांचं बीपी आता गोळ्यांनी ताब्यात आहे, फिजिशियननी लिहून दिलंय, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला दाढ काढायचीय.