इचिरान रामेन, जपान : इथे मान डोलावून काही मिळत नाही

रामेन म्हणजे रस्स्यातल्या नूडल्स. फुकुओकाच्या या रामेनसाखळीत जेवायला बसलं की दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या आणि समोर बांबूचा पडदा. शेजाऱ्याचं कोपर हाताच्या अंतरावर असतं, पण तो दिसत नाही. वाढणाऱ्याचेही हात तेवढे दिसतात, चेहरा नाही. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली अमेरिकी निरीक्षणांवरून अनोळखी माणसांमधलं अंतर १.२ मीटरच्या पुढचं धरलं होतं. त्या हिशेबाने इथला प्रत्येक जण तुमच्या अंगावर आलेला! तरी कुणी अवघडत नाही, कारण इथलं अंतर नजरेने राखलेलं आहे. इराण्याकडे एका टेबलावर चार अनोळखी लोक बसतात आणि आपापल्या बनमस्क्याकडे बघतात. इचिरानने तीच सभ्यता सुताराकडून करून घेतली आहे.

दाराशी यंत्रावर तिकीट काढायचं. रिकामी जागा दिव्यांच्या फलकावर दिसते. मग एक कागद भरायचा : चवीचा जोर, रस्स्याचा स्निग्धपणा, लसूण, कांद्याची पात, चाशूचे (डुकराच्या मांसाचे) काप, लाल तिखट, नूडल्सचा कडकपणा. इंग्रजी कागदही मिळतो. पर्यायाभोवती गोल करा. आपल्याकडची ‘बरोबर’ची खूण जपानी शाळेत चुकलेल्या उत्तरावर पडते, बरोबरला गोलच असतो. पहिल्या खेपेला सगळं मध्यम ठेवावं, फक्त नूडल्स एक पायरी कडक मागवाव्यात, कारण गरम रस्स्यात त्या मऊ होतच जातात. तिखटाचं नेहमीचं प्रमाण कोल्हापुरी जिभेला जाणवणारही नाही. दुप्पट मागा.

कागद पुढे ठेवून बटण दाबलं की हात येतो आणि कागद नेतो. काही विचारलंच, तर ‘हो’ म्हणून मान डोलावण्यात अर्थ नाही, पडद्यापलीकडे मान दिसतच नाही. तोंडाने ‘हाय’ (जपानीत ‘हो’) म्हणावं किंवा कागदावर बोट ठेवावं. वाडगा आला की वाढणारा कमरेत वाकतो आणि पडदा खाली येतो. उलट वाकून नमस्कार करायची गरज नाही.

भुरके खुशाल मारा. कढीला चालतो तसा इथे नूडल्सना चालतो, शिवाय तोंड पोळत नाही. चॉपस्टिक मात्र नूडल्समध्ये उभ्या खोचू नका. मृतापुढे ठेवलेल्या भातात तशा खोचतात. जादा नूडल्स, म्हणजे काएदामा, वाडग्यात थोड्या उरल्या असतानाच मागवाव्यात. उशीर केला तर रस्सा निवतो. बटणावर काएदामाची पट्टी ठेवली की धून वाजते आणि तेवढ्यावर मागणी पोहोचते. टीप ठेवू नये.

दोघे असाल तर मधली फळी दुमडता येते. चौघांचं कुटुंब मात्र गर्दीच्या वेळी चार ठिकाणी विखुरतं. गप्पांसाठी ही जागा नाही, लहान मुलांना घेऊन तर नकोच. रस्सा डुकराच्या हाडांचा असतो. चाशू वगळून तो शाकाहारी होत नाही, त्यामुळे शाकाहाऱ्यांनी दुसरीकडे जावं. एकट्याने फिरणाऱ्या, भाषा न येणाऱ्या आणि सगळं खाणाऱ्या माणसासाठी मात्र जपानमध्ये याहून निर्धास्त जेवण क्वचितच मिळेल.

रस्सा शेवटपर्यंत प्या. वाडग्याच्या तळाशी जपानीत छापलेलं असतं : हा थेंब हाच आमचा सर्वांत मोठा आनंद.