पैठणजवळची होडीतून जीवाश्म-ओळख कार्यशाळा: कशी आहे?

होडीचा खरा फायदा उन्हाळ्यात कळतो. गोदावरीचं पाणी उतरलं की दरडीचे थर समोरून एकसंध दिसतात: तळाला काळा बेसाल्ट, त्यावर चुन्याने घट्ट झालेला गोटे-वाळूचा थर, वर तपकिरी गाळ. हाडं शोधायची ती त्या गोट्यांच्या थरात. बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, त्यात हाडं शोधणं व्यर्थ. इथली हत्ती, रानबैलांची हाडं त्याहून फार नंतरची, हे सुरुवातीलाच सांगतात ते उत्तम.

ओळख शिकवण्यात ही मंडळी पक्की आहेत. चुनखडीचे खडे हुबेहूब हाडासारखे दिसतात, म्हणून तुटलेली बाजू 10 पट भिंगाखाली धरायला लावतात. आत स्पंजसारखी जाळी दिसली तर हाड.

ठिसूळ हाड घट्ट करण्याचा भाग मात्र घाईत उरकतात. पॅरालॉइड बी-72 ही ॲक्रिलिक राळ ॲसिटोनमध्ये साधारण 5 टक्के विरघळवून ब्रशने लावतात, पण ओल्या हाडावर लावलं की वर पांढरा थर येतो. आधी सावलीत सुकवायला हवं, उन्हात ठेवलं तर तडे जातात. हाड उचलताना तुटू नये म्हणून घालतात त्या प्लास्टरच्या आवरणाखाली ओल्या टिश्यूचा थर हवाच, नाहीतर आवरण काढताना हाडाचा पापुद्रा निघतो. हे प्रत्येकाच्या हातून करून घ्यायला हवं.

लाइफ जॅकेट सर्वांना मिळतं. होडी मात्र पोखरलेल्या दरडीखाली नेऊ देऊ नका, ती कधीही ढासळते. सापडलेलं हाड जागेवरच ठेवून फोटो आणि जीपीएस नोंद घेतात, हा नियम आम्हाला फार आवडला.