प्राचार्यपद घ्यावं की विद्यापीठात जावं?

स्वायत्त अभियांत्रिकी कॉलेजचं प्राचार्यपद की विद्यापीठातलं विज्ञान-तंत्रज्ञान शाखेचं अधिष्ठातापद (डीनचं पद)? सोलापुरातल्या सीनिअर प्राध्यापकांपुढे कधी ना कधी हा पेच येतो. पात्रता, वेतनश्रेणी तुम्हाला ठाऊक आहेच, ते सोडून देऊ.

अभ्यासक्रमाच्या बाबतीत कॉलेज उजवं, हे मान्य. अभ्यास मंडळ तुमचं, विद्या परिषदही तुमचीच. विद्यापीठाचे प्रतिनिधी बसतात, पण एखादा विषय काढून नवा आणायचा तर फार खेटे घालावे लागत नाहीत. विद्यापीठात तोच प्रस्ताव अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद असा चढत जातो. शिवाय तो विषय शिकवायला तालुक्याच्या कॉलेजात माणूस आहे का, हेही पाहावं लागतं.

आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ चं, एका जिल्ह्यापुरतं. अभियांत्रिकी मुख्यतः संलग्न कॉलेजांत चालते, विद्यापीठाच्या केगावच्या आवारात नव्हे. म्हणजे ज्या लॅबविषयी अधिष्ठात्यानं बोलायचं, तिची किल्ली दुसऱ्याकडे. चांगली कॉलेजं स्वायत्त झाली की विद्यापीठावरचं परीक्षांचं ओझं कमी होतं, तसं त्याला मिळणारं परीक्षा शुल्कही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा. लांबला, तर एवढ्याशा जिल्ह्यात लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच. त्यात अधिष्ठात्याची खुर्ची कुलगुरूंच्या मुदतीला बांधलेली.

तरीही मी विद्यापीठाकडे वळलो, त्याचं कारण मे-जून.

मी होतो त्या कॉलेजात परीक्षा संपल्या की जागा भरण्यासाठी प्राध्यापकांच्या हाती माहितीपत्रकांचे गठ्ठे यायचे. कुणाला बार्शी, कुणाला मोहोळ, कुणाला अक्कलकोट. बारावीच्या मुलांच्या याद्या मिळवायच्या, घरोघरी जायचं, पालकांना कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचे, पर्याय भरून द्यायचे. संध्याकाळी संस्थेतून फोन : आज किती प्रवेश झाले? थर्मल शिकवणारा पीएचडी झालेला माणूस सोलापूरच्या उन्हात हे करून आला की जुलैत नव्या प्रयोगाचं नावही काढत नसे. अभ्यासक्रमाचं स्वातंत्र्य होतं, पण ते वापरायला माणसांत जीव उरत नव्हता. आणि प्राचार्य झालो असतो, तर तो फोन मलाच करावा लागला असता.

सगळीकडे असंच असेल असं नाही. पहिल्या-दुसऱ्या फेरीतच जागा भरणारी कॉलेजंही आहेत. तिथं माझा हिशोब कदाचित उलटा पडेल. विद्यापीठात फाइल रखडते, पदं रिकामी असली की दुसऱ्याचा कार्यभारही गळ्यात पडतो. पण रखडलेल्या फाइलीमागे लागता येतं, आणि एकदा मंजूर झालेला अभ्यासक्रम संलग्न कॉलेजांतल्या सगळ्या मुलांपर्यंत पोचतो. मला हे जास्त मोलाचं वाटलं.

मुलाखतीआधी, जिथं प्राचार्य व्हायचंय त्या कॉलेजातल्या एखाद्या तरुण प्राध्यापकाला चहाला न्या आणि विचारा, मे महिन्यात कुठं होतास? लॅबमध्ये म्हणाला, तर खुशाल प्राचार्य व्हा.