डिस्चार्ज बुक आणि दोन कोरे कागद

लष्करातून निवृत्त झालेल्या मराठवाड्यातील बांधवांनी, आणि त्यांच्यापेक्षाही अधिक त्यांच्या पत्नींनी वाचावा, यासाठी हा अनुभव लिहीत आहे. माझे गाव बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुक्यात आहे. मी १९८४ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो आणि २००६ साली नाईक या हुद्द्यावरून घरी आलो. लष्कराच्या दप्तरातले पत्नीचे नाव दुरुस्त करून घेताना माझी फसवणूक झाली, तेव्हा मी शुद्धीत होतो, चष्मा डोळ्यांवर होता आणि घाईही काही नव्हती, हे आधीच कबूल करतो.

मूळ चूक माझीच आहे. १९८७ साली लग्न झाले तेव्हा आमच्याकडील रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून अंगठीने पत्नीचे नवे नाव लिहिले गेले : सुमन. रजा संपवून पलटणीत परतलो आणि कंपनीच्या क्लार्कने पत्नीचे नाव विचारले, तेव्हा मी मोठ्या हौसेने तेच सांगितले. जन्मतारीख ठाऊक नव्हती, म्हणून शाळेत आम्हा सगळ्यांची लागलेली १ जूनच तिलाही लावून दिली. घरी मात्र ते तांदूळ उचलून ठेवल्यावर सुमन हे नाव पुन्हा कोणी उच्चारले नाही. सासू, जावा, शेजारीण, सगळ्यांसाठी ती माहेरची गयाच राहिली. रेशनकार्ड, मतदार यादी, बँकेचे पुस्तक आणि शेवटी आधार या सर्व ठिकाणी गया हेच नाव लागले आणि आधारवर तारीख पडली १ जानेवारी १९६८. लष्कराच्या दप्तरातली माझी पत्नी आणि माझ्या घरातली माझी पत्नी अशा दोन निरनिराळ्या बायका कागदावर झाल्या, आणि छत्तीस वर्षे त्यात काही बिघडते आहे असे मला वाटले नाही.

२०२३ साली माझे निवृत्तिवेतन संरक्षण खात्याच्या स्पर्श या ऑनलाइन प्रणालीवर गेले, तेव्हा पुतण्याने मोबाईलवर माझी माहिती उघडून दाखवली आणि त्यात सुमन हे नाव वाचून माझी पत्नी हसली. हसण्यावारी नेण्याचे दिवस लवकरच संपले. शेजारच्या गावातील एक माजी सैनिक वारले आणि त्यांच्या पत्नीचे नाव पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, एक आणि आधारवर दुसरे असल्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन सात महिने अडकून पडले. त्या माउलीला मुलांकडे औषधाचे पैसे मागताना मी पाहिले, आणि त्याच आठवड्यात कागद पिशवीत घालून बीड गाठले.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर थांबलो असताना एका पन्नाशीच्या गृहस्थांनी "राम राम साहेब, कोणती पलटण?" असे विचारले. केस बारीक कापलेले, बुटांना पॉलिश, आणि बोलण्यात पार्ट टू ऑर्डर, शीट रोल, रेकॉर्ड ऑफिस हे लष्करी दप्तरातले शब्द अगदी सहज येत होते. आपल्या भाषेत बोलणारा माणूस भेटला की आपण त्याचे ओळखपत्र मागत नाही. "आत आज साहेब नाहीत, आणि असले तरी हे काम इथं होत नाही. बेळगावला माझा माणूस आहे," असे ते म्हणाले. कार्यालयाचे दार तिथून पन्नास पावलांवर होते. ती पन्नास पावले मी चाललो नाही.

एकूण २८,००० रुपये ठरले. पहिले आठ हजार तिथेच दिले, पुढचे बारा हजार "बेळगावच्या खर्चाला" म्हणून आणि शेवटचे आठ हजार "प्रयागराजच्या टेबलासाठी" म्हणून दिले. २०२४ च्या ऑक्टोबरात आडतीवरून सोयाबीनची पट्टी नुकतीच हाती आली होती. ते पैसे त्यातलेच. पैशांपेक्षा मोठी चूक वेगळीच होती. मूळ डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीच्या वेळी मिळालेले नोंदपुस्तक), पीपीओची प्रत आणि फोटो यांच्यासोबत मी दोन कोऱ्या कागदांवर खाली सही करून दिली आणि माझ्या सहीशेजारी पत्नीच्या डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवून घेतला. ठसा देताना तिने विचारले होते, "वर काय लिहिणार हायेत?" मी म्हणालो, "अर्ज असंल."

महिनाभराने मोबाईलवर एका पत्राचे छायाचित्र आले. गोल शिक्का, इंग्रजी मजकूर आणि पत्नीचे नाव गया. घरात पेढे आले. ते पत्र पुतण्याने दोनदा वाचले आणि म्हणाला, की यात निवृत्तिवेतन कार्यालयाचे गाव अलाहाबाद लिहिले आहे, ते तर २०१८ पासून प्रयागराज झाले. शिवाय माझ्या सैनिक क्रमांकातील एक अंक चुकलेला होता. मी फोन केला तेव्हा ते गृहस्थ जराही गडबडले नाहीत. उलट "आता शेवटची पडताळणी राहिली, मोबाईलवर ओटीपी येईल तो सांगा," असे म्हणाले. मी सांगणारही होतो. पत्नीने माझ्या हातातून फोन काढून घेतला, कारण बँकेतल्या मुलीने तिला तो आकडा कोणालाही सांगायचा नाही असे बजावले होते. पेन्शनचे खाते त्या दिवशी तिच्यामुळे वाचले.

दुसऱ्या दिवशी मी सैनिक कल्याण कार्यालयात आत गेलो. साहेब जागेवर होते. नाव दुरुस्तीचा अर्ज याच कार्यालयामार्फत बेळगावच्या अभिलेख कार्यालयाकडे, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसकडे, जातो, त्यासाठी शुल्क लागत नाही, आणि खर्च झालाच तर प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स आणि टपालाचा होतो, हे त्यांनी पाच मिनिटांत समजावून सांगितले. कामाची वाटही सरळ आहे. अभिलेख कार्यालय आधी सेवेच्या नोंदीत दुरुस्ती करून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्या बदलाचा लेखी आदेश, काढते, आणि त्यानंतर त्यांच्याकडून कागद प्रयागराजला गेल्यावर सुधारित पीपीओ निघतो. सेवेची नोंद आणि निवृत्तिवेतनाची नोंद या दोन वेगळ्या जागी असतात; पहिली बदलल्याशिवाय दुसरी बदलत नाही. हेच मला माहीत नसल्यामुळे एकाच कामाचे बेळगाव आणि प्रयागराज असे दोन वेगळे भाव त्या माणसाला मला लावता आले.

मी रीतसर अर्ज केला आणि प्रकरण संपले असे समजलो. दोन महिन्यांनी अभिलेख कार्यालयाचे खरे पत्र आले. माझ्या नावाने यापूर्वीच एक घोषणापत्र त्यांच्याकडे आलेले असून दोन्ही कागदांतील मजकूर एकमेकांशी जुळत नाही, याचा खुलासा त्यांनी मागितला होता आणि त्या घोषणापत्राची प्रत सोबत जोडली होती. त्यात लिहिले होते, की माझी पहिली पत्नी सुमन २०१० साली मृत्यू पावली असून त्यानंतर मी गया हिच्याशी विवाह केला आहे. खाली माझी खरी सही होती आणि तिच्या शेजारी माझ्या पत्नीचा खरा अंगठा होता. दोन नावांचा मेळ घालायला त्या माणसाला हाच उपाय सोपा वाटला असावा. पुतण्याने मजकूर वाचून दाखवला तेव्हा पत्नी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "माझ्या मरणावर माझाच अंगठा घेतला का?"

एरवी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि आधारची प्रत यांवर भागले असते. आता सुमन मेलेली नाही हेही सिद्ध करावे लागले. त्यासाठी लग्नाची पत्रिका शोधली, ग्रामसेवकांचा दाखला घेतला, लग्नाला हजर असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे केली, आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत खुलाशासोबत जोडली. तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीची आहे. ज्यांचा व्यवहार ऑनलाइन झाला असेल त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे. मी रोख पैसे दिले होते आणि पावती घेतलेली नव्हती.

डिस्चार्ज बुक उन्हाळ्यात टपालाने परत आले. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव नव्हते आणि पहिल्या पानावर टाचणीची दोन भोके होती. खुलासा स्वीकारला गेल्याचे कार्यालयातून कळले आहे आणि पार्ट टू ऑर्डरची वाट पाहत आहोत. मी दिलेल्या दोन कोऱ्या कागदांपैकी एक त्या घोषणापत्राच्या रूपाने समोर आला. दुसरा कोणाकडे आहे आणि त्यावर काय लिहिले गेले आहे, हे पोलिसांनाही अद्याप सापडलेले नाही.