निजामकाळातली उर्दू कागदं वाचून देणारे चाचा, धाराशिव: पैसे वसूल, पण घाईत जाऊ नका

घरात निजामाच्या काळातली जमिनीची कागदं असतील आणि ती वाचणारं कुणी उरलं नसेल, तर धाराशिवला कचेरीच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं जा. पाटी नाही. खाली विचारलं की "चाचा का? वर जा" एवढंच सांगतात. जिना अरुंद आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर कुणाला तरी सोबत न्या. साध्या उर्दूला पानाचे 300 रुपये, शिकस्ता अक्षर असेल तर 500. शिकस्ता म्हणजे घाईघाईत एकात एक गुंतवलेलं, नुक्ते (अक्षरांवरची टिंबं) गाळलेलं. उर्दू शाळेत शिकलेल्या पोरांनाही ते लागत नाही. 2023 ला कुणबी नोंदींसाठी सगळा मराठवाडा जुन्या दप्तरांवर तुटून पडला, तेव्हापासून गर्दी वाढली आणि दरही, असं झेरॉक्सवाला म्हणतो.

माझं काम माहेरच्या विहिरीच्या शेताचं. आम्ही तीन पिढ्या कसतोय, पण गावच्या जुन्या वतनदाराची नातवंडं म्हणतात की शेत त्यांचं. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत पाहणी पत्रकाच्या, म्हणजे शेत कुणाचं आणि कोण कसतं या सरकारी नोंदीच्या, नकला होत्या. मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका, मोडी थोडीफार लागते, उर्दूचं मात्र अक्षरसुद्धा नाही. आधी दुसऱ्या शहरातल्या एकाकडून मराठी करून घेतलं होतं. त्यानं कागदावरचं 1345 हे साल हिजरी धरलं आणि 1926 लिहून दिलं. 1926 ला आमचे आजोबा दहा वर्षांचे! दहा वर्षांच्या पोराच्या नावावर शेत लागतं का? कागद खोटा आहे असं म्हणायला समोरचे मोकळे झाले.

चाचांनी पहिल्यांदा सालच बघितलं. "बाई, हे फसली आहे. महिना आजूर लिहिलाय की." निजामाच्या महसुलाचं साल फसली, आजूर हा त्याचा पहिला महिना, ऑक्टोबरात लागणारा. त्यात 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढं 591. म्हणजे 1935. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे, शेत कसणारे. या एका दुरुस्तीसाठी मी पानाला 500 काय, जास्तही दिले असते (हे त्यांना सांगू नका).

त्यांची मला आवडलेली सवय म्हणजे जे लागत नाही तिथं ते टिंबं देतात. आमच्या एका पानाचा कोपरा वाळवीनं खाल्लेला, नेमका क्षेत्राच्या रकान्यात. एकर दिसतात, गुंठे गेलेत. मी म्हटलं, सातबाऱ्यावर आहेत तेवढे लिहा की. नाही लिहिले. रागच आला मला. पण उद्या समोरच्या वकिलानं मूळ कागद मागितला तर तोंडघशी आम्हीच पडणार, हे घरी आल्यावर पटलं.

सगळ्यात वरती, गावाच्या नावाशेजारी, 'सर्फ-ए-खास' असा शेरा निघाला. वडील म्हणायचे, "गाव खुद्द निजामाचं." आम्हाला वाटायचं, सगळंच राज्य त्याचं, त्यात काय विशेष. चाचांनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं. हैदराबाद संस्थानात साधारण 60 टक्के जमीन दिवाणी, तिचा वसूल राज्याच्या तिजोरीत. 30 टक्क्यांच्या आसपास जहागिरी, वसूल जहागीरदाराच्या घरात. उरलेली जवळजवळ 10 टक्के सर्फ-ए-खास, निजामाची खासगी मिळकत, तिचा वसूल थेट त्याच्या खासगी खजिन्यात. संस्थानाची एकूण जमीन पाच कोटी एकरांवर होती, तेव्हा हे दहा टक्के किती होतात ते बघा. आमच्या विहिरीच्या शेताचा धारा (शेतसारा) असा हैदराबादेत एका माणसाच्या पेटीत पडत होता. गावात पूल नव्हता आणि शाळा मारुतीच्या देवळात भरायची, असं आजी सांगायची.

पुढचं मी नंतर घरी वाचून काढलं. पोलीस कारवाई, म्हणजे भारतानं हैदराबाद ताब्यात घेतलं ती, सप्टेंबर 1948 ला. 1949 मध्ये सर्फ-ए-खास दिवाणीत मिळवलं आणि त्याच वर्षी जहागिऱ्याही गेल्या. निजामाला वर्षाला 50 लाखांचा तनखा ठरला, शिवाय सर्फ-ए-खास गेलं त्याच्या बदल्यात वेगळे 25 लाख. जहागीरदारांनाही मोबदला. आणि आमच्या आजोबांना? पट्टेदाराच्या, म्हणजे जमीन ज्याच्या नावावर त्याच्या, रकान्यात नाव वतनदाराचं, आजोबांचं खाली, शिकमीदार म्हणजे पट्टेदाराच्या हाताखालचं कूळ म्हणून. राजाचा वाटा मोजायला मोठमोठे अधिकारी बसले, आमचा वाटा गावच्या पटवाऱ्याच्या लेखणीवर सोडला, आणि पटवारी कुणाच्या वाड्यावर जेवायचा ते गावाला ठाऊक होतं. 1950 च्या हैदराबाद कुळकायद्यानं संरक्षित कुळाला हक्क दिले, पण त्यालाही आधी नाव कागदावर पाहिजे. आमचं निदान शिकमीदार म्हणून तरी आहे. शेजारच्या वस्तीतल्या लोकांनी तेच धारे भरले, त्यांचं नाव कुठल्याच रकान्यात नाही. म्हणून निजामाच्या जमिनीचा फायदा कुणाला झाला असं विचारलं, तर मी हैदराबादच्या आधी गावातल्या वाड्याकडं बोट दाखवीन.

माझ्या आधी बसलेल्या काकांचा कागद मदतमाश इनामाचा, म्हणजे निर्वाहासाठी दिलेल्या इनाम जमिनीचा, होता. त्या जमिनी वर्ग 1, म्हणजे पूर्ण मालकीच्या, करण्याचा नजराणा (सरकारला भरायची रक्कम) बाजारभावाच्या 50 टक्क्यांवरून 5 वर आणायचं 2024 मध्ये ठरलं, त्यामुळं अशी गिऱ्हाइकं रोज येतात म्हणे.

आता तक्रारी. दिलेली तारीख पाळत नाहीत. फोन उचलत नाहीत. पावती मागितली तर डायरीचं पान फाडून देतात. अक्षर सुरेख आहे, पण टाइप करून पाहिजे असेल तर खाली झेरॉक्सवाल्याकडं वेगळे पैसे, आणि तो पोरगा 'शिकमीदार'चं 'शिक्षणदार' करून ठेवतो, समोर बसून तपासून घ्या. या भाषांतराला सरकारी शिक्का नसतो, तेव्हा प्रकरणात लावायच्या आधी वकिलाला विचारा. "केस जिंकेन का" असं चाचांना विचारू नका, चिडतात.

जाताना अभिलेख कक्षातून काढलेली शिक्क्याची नक्कल न्या, मोबाईलवरचा फोटो बघत नाहीत. नक्कल फिकट असेल तर मोठी झेरॉक्स काढून न्या. शुक्रवारी दुपारी बंद. पाचपैकी चार तारे. खासरा पत्रकाची, म्हणजे 1954-55 च्या जमीन नोंदींची, आमची पानं अजून त्यांच्याकडंच आहेत. परवा देतो म्हणालेत.