राप्टर 700 ला पॅडल टायर: पैसा वसूल
शारजाच्या बदायरला वाळूत राप्टर (यामाहाची चार चाकांची क्वाड बाइक) चालवतो, मागे आठ पॅडलचे (वाळू ढकलणाऱ्या वल्ह्यासारख्या रबरी पट्ट्यांचे) टायर टाकले आणि फरक लगेच कळला, आधी नॉबी (रबरी गुठळ्यांचे) टायर टेकडीच्या मध्यावर नुसते खड्डा खणत बसायचे, आता थ्रॉटल दाबला की गाडी सुटतेच. पण पॅडलने इंजिनवर लोड येतो म्हणून पुढचा स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) 14 दात्यांचा काढून 13 चा केला, टॉप स्पीड थोडा गेला, गेला तर गेला. ऑइल 20डब्ल्यू-50, डब्यावर जासो एमए (तेलात चालणाऱ्या क्लचच्या बाइकसाठीचं मानक) बघूनच घ्या, कारचं टाकाल तर क्लच घसरेल. दुकानवाल्याने आधी पॅडल उलटेच बसवलेले, जमिनीला टेकताना पॅडलच्या वाटीचं (खोलगट बाजूचं) तोंड मागे हवं ते पुढे! हवा 5 पीएसआय ठेवतो. डांबरावर अजिबात नेऊ नका, खोबरं खवल्यासारखं रबर निघतं.