पीएफसेन्स : आठ महिन्यांनंतर, मुख्यतः पोर्टांबद्दल

मिरजेत मामांचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. नऊ कॉम्प्युटर, दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन. जूनमध्ये तिथे चार पोर्टांच्या (नेटवर्क केबल खोचायच्या जागांच्या) मिनी पीसीवर पीएफसेन्स, म्हणजे राउटर आणि फायरवॉलचं काम करणारं सॉफ्टवेअर, बसवलं. मी पुण्यात असतो, त्यामुळे देखभाल लांबूनच. नियम (काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं), व्हीपीएन (इंटरनेटवरून नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट) सगळं ठीक चालतं. मला घाम फोडला तो पोर्टांनी.

पहिल्याच दिवशी ओएनटीचा (फायबर जिथे येते त्या यंत्राचा) पत्ता १९२.१६८.१.१ आणि पीएफसेन्सच्या लॅनचाही (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचाही) मुळात तोच. लॅन १९२.१६८.५०.१ केलं आणि सुटलो. मिनी पीसीच्या डब्यावर छापलेले क्रमांक आणि आतली नावं (आयजीसी० ते आयजीसी३) जुळतीलच याचा भरवसा नाही. कन्सोलवर पोर्ट नेमताना ‘ए’ दाबून केबल खोचली की कुठली लिंक आली ते तो स्वतः ओळखतो. तेव्हाच प्रत्येक पोर्टावर नावाची पट्टी चिकटवली.

ऑगस्टमध्ये पहिली लाइन पडली, पण दुसरी काही सुरू होईना. पीएफसेन्स गेटवेला (बाहेर जायच्या वाटेवरच्या पहिल्या यंत्राला) पिंग करून, म्हणजे हाक मारून, लाइन जिवंत आहे का ते बघतं, आणि आमचा गेटवे म्हणजे शेजारच्या टेबलावरचा ओएनटी. बाहेर फायबर तुटली तरी तो इमानाने उत्तर देतच होता! मॉनिटर आयपी, म्हणजे पिंग करायचा बाहेरचा पत्ता, एका लाइनला १.१.१.१, दुसरीला ८.८.८.८ दिला. तेव्हापासून अदलाबदल आपोआप होते.

आता माझा गाढवपणा. दोन लाइन, लॅन आणि कॅमेरे यांत चारही पोर्ट संपले. येणाऱ्या पक्षकारांसाठी वेगळं वायफाय हवं होतं, म्हणून स्वस्तातला यूएसबी लॅन अडॅप्टर लावला. दोन महिने चालला. मग एका १९ तारखेला, म्हणजे जीएसटीचं थ्रीबी विवरणपत्र भरायच्या आदल्या दिवशी, लाइट गेली, यूपीएसही बसला. लाइट आली, इंटरनेट आलं नाही. मामांनी डब्याला टीव्ही जोडला आणि फोनवर म्हणाले, “अरे, हा इंग्रजीत काहीतरी विचारतोय आणि नुसता थांबलाय.”

झाडताना कुणीतरी अडॅप्टर उपटला होता. नेमलेला एखादा पोर्ट सुरू होताना सापडला नाही, तर पीएफसेन्स पुढे जात नाही, पोर्ट पुन्हा नेमून मागतं. अडॅप्टर खोचून रीस्टार्ट केल्यावर पाच मिनिटांत काम झालं, पण त्याआधी पाऊण तास ऑफिस ठप्प होतं.

नंतर व्हीलॅनवाला (एकाच केबलवरून वेगवेगळी नेटवर्क चालवू देणारा) स्विच घेतला. पाहुण्यांचं वायफाय आता लॅनच्याच केबलवरून ३० क्रमांकाच्या व्हीलॅनने येतं. नवीन इंटरफेसवर एकही नियम नसतो, म्हणजे सगळं बंद. डीएचसीपीही (जोडलेल्या उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारा) आपणच चालू करायचा. मी आधी लॅनकडे जाणं अडवणारा नियम टाकला, त्याखाली बाकी सगळं मोकळं. हा क्रम उलटा झाला तर अडवणाऱ्या नियमाची पाळीच येत नाही.

महिन्यातून एकदा इंटरफेसचं स्टेटस पान उघडतो. एकदा तिथे लॅनचा वेग हजारऐवजी शंभर दिसला. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात. कनेक्टरमधली एक तार सुटली होती आणि कुणाला पत्ताही नव्हता, नुसतं “आज स्लो आहे” चाललं होतं.

तो अडॅप्टर मामांच्या ड्रॉवरमध्ये पडलाय. अपग्रेडचं बघू एप्रिलमध्ये. मार्चअखेर होईपर्यंत मामा डब्याला हात लावू देणार नाहीत.